पालीच्या तिठ्यावरची कॉफी

पाली म्हटले की आपल्यापैकी काहींना वांद्र्याची पाली हिल आठवेल, तर काहींना रायगड जिल्ह्यातील बल्लाळेश्वराची पाली. मी सांगणार आहे ती पाली या दोन्हींहून निराळी, रत्नागिरी जिल्ह्यातील. मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग आणि रत्नागिरीहून निघालेला कोल्हापूरचा रस्ता हे दोघे हातखंब्याला भेटतात, काही अंतर सोबतीने चालतात आणि पालीला एकमेकांचा निरोप घेतात. एक लांज्याच्या दिशेने दक्षिणेकडे वळतो, दुसरा साखरप्यावरून आंबा घाट चढू लागतो. कोकणात अशा जागेला तिठा म्हणतात. तिठ्यावर माणसे थांबतात. काही गाडीची वाट पाहत थांबतात, तर काही उगीचच.

एका पावसाळ्यात मलाही तेथे थांबावे लागले. कोल्हापूरला एका आजारी धर्मगुरूंना भेटावयास मी निघालो होतो. आंबा घाटात दरड कोसळल्याचे वर्तमान आले आणि आमची एस.टी. पालीलाच उभी राहिली. रस्ता मोकळा होईपर्यंत गाडी हलणार नाही, असे सांगून वाहक खाली उतरला. त्याच्यामागून चालक उतरला आणि मग एकेक करून आम्ही सारेच उतरलो. समोर पत्र्याच्या छपराखाली एक लहानसे हॉटेल होते. दोन बाकडी, एक चूल, काचेच्या बरणीत खारी आणि बटर. हॉटेलच्या मालकीणबाईंना सारे ‘वहिनी’ म्हणत होते, म्हणून मीही म्हणू लागलो.

“चहा की कॉफी?” वहिनींनी विचारले. “कॉफी आज मुद्दाम केलीय, जायफळ घालून. पावसात बरी वाटते.”

वाचकहो, कोकण हा चहाचा मुलूख. आमच्या लहानपणी घरात कॉफी होणे ही कोणी खास पाहुणा आल्याची, नाहीतर कोणी आजारी पडल्याची खूण असे. दूध आणि साखर सढळ, कॉफी बेताची आणि वर किसलेले जायफळ. दक्षिणेतील मंडळी या पेयाला कॉफी म्हणावयास तयार होणार नाहीत, हे मी जाणून आहे. रोममध्ये शिकून आलेल्या माझ्या एका मित्राने तर तिला एकदा ‘सुगंधी दूध’ म्हणून बाजूला सारले होते. परंतु मोठ्या जिभा ज्याची थट्टा करतात ते पुष्कळदा लहानांच्या सुखाचे असते. मी एक पेला घेतला आणि बाकड्याच्या टोकाला बसलो.

थोड्याच वेळात ते बाकडे भरून गेले. आमचा चालक, रत्नागिरीच्या महाविद्यालयात शास्त्र शाखेत शिकणारी एक विद्यार्थिनी, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी आणि मोबाईलचे सुटे भाग विकत गावोगाव हिंडणारा एक तरुण. बोलण्याला चालकाने सुरुवात केली.

“गुरुजी, रात्रपाळीला मी कॉफी घेतो. पण कधी झोप उडते, कधी उडत नाही. असं का?”

गुरुजींची शाळा सुटली होती, पण शिकवण्याची सवय सुटली नव्हती. त्यांनी पेला खाली ठेवला. दिवसभर मेंदू काम करीत असतो, तसतसे त्यात अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते, असे त्यांनी सांगितले. मेंदूतील पेशींवर या द्रव्याच्या ठरलेल्या जागा असतात. तेथे ते जाऊन बसले, की आपल्याला थकवा आणि झोप जाणवते. कॉफीतील कॅफीनची घडण या अॅडेनोसिनशी पुष्कळशी मिळतीजुळती. ते त्याच्या जागा आधी अडवून बसते. मात्र बसल्यावर झोपेचा निरोप देत नाही.

“म्हणजे एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं!” चालक म्हणाला.

गुरुजी इतके खूश झाले, की त्या उपमेवर त्यांनी बहुधा शंभरपैकी शंभर गुण दिले असावेत. “अगदी तसंच. आणि ज्याची जागा, तो प्रवासी काही घरी जात नाही. तो उभाच असतो. चारपाच तासांत निम्मं कॅफीन शरीर मोडून टाकतं. रुमाल उचलला गेला, की उभे असलेले सगळे एकदम बसतात. कॉफीनं थकवा जात नाही, थकव्याची बातमी उशिरा कळते एवढंच. म्हणून रात्री डोळे मिटू लागले, तर कॉफीच्या भरवशावर गाडी हाकू नका. कडेला लावा आणि झोपा.”

हे कॅफीन १८१९ साली रुंगे नावाच्या एका तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कॉफीच्या बियांतून वेगळे केले. त्याला त्या बिया देऊन हा उद्योग सुचवणारा मनुष्य शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, तर कवी म्हणून जगाला ठाऊक आहे. तो म्हणजे गटे. ही माहिती गुरुजींनी दिली, तेव्हा विद्यार्थिनीने वही काढली. मग जायफळाचा विषय निघाला. जायफळात नराचे झाड वेगळे आणि मादीचे वेगळे. रोपावरून काही ओळखू येत नाही. बीपासून लावलेल्या झाडाला फूल येईपर्यंत शेतकऱ्याने काही वर्षे वाट पाहायची आणि शेवटी नर निघाला की कपाळाला हात लावायचा. कलमे बांधण्याच्या विद्येने ही अडचण दूर केली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जायफळाच्या ‘कोकण सुगंधा’सारख्या जाती काढल्या. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या सावलीत जायफळ, दालचिनी आणि मिरी लावून दाखवली. त्या बागेला लाखी बाग म्हणतात. “मात्र जायफळ चिमूटभरच घालायचं हं,” वहिनी चुलीजवळून म्हणाल्या. “जास्त झालं तर माणूस बरळतो.” हे शास्त्रदेखील बरोबरच आहे, अशी गुरुजींनी पावती दिली.

असे दोन तास गेले. पाऊस थांबला नव्हता, घाट मोकळा झाला नव्हता. तो तरुण विक्रेता इतका वेळ मोबाईल वर धरून रेंज शोधत होता. ती मिळाली नाही, तेव्हा तो माझ्याकडे वळला. माझ्या गळ्यातील क्रूस त्याने आधीच पाहिला असावा.

“फादर, राग मानू नका. तुमच्या धर्मात आळस हे पाप आहे ना? मग हे जे दोन तास आपण चकाट्या पिटल्या, ते कशात बसतं? माझी आजची वसुली बुडाली. आणि इथं आपल्या पदरात काय पडलं?”

त्याने रागाने विचारले नव्हते. खरोखरच विचारले होते. मी काहीतरी गमतीचे बोलून वेळ मारून नेली. परंतु तो प्रश्न माझ्यासोबत पुढच्या प्रवासाला निघाला आणि अजून उतरलेला नाही. आज तो मी आपल्यापुढे ठेवतो. हेतूवाचून माणसांबरोबर बसणे, बोलणे, हसणे, एक पेला रिकामा करावयास अर्धा तास लावणे, हा वेळेचा अपव्यय आहे काय? देवाने दिलेल्या मोजक्या दिवसांचा हिशेब देताना असे तास कोणत्या रकान्यात लिहावेत?

प्रश्न सोपा नाही. निरर्थक शब्दांचाही हिशेब द्यावा लागेल, अशी ताकीद शुभवर्तमानात आहे. सात प्रमुख पापांच्या यादीत आळस आहेच. परंतु सेमिनरीत शिकवताना आमच्या प्राध्यापकांनी एक गोष्ट स्पष्ट केली होती. ज्याला आपण मराठीत आळस म्हणतो, त्याचे मूळ नाव अकेडिया. संत थॉमस अक्वायनस त्याचा अर्थ हातपाय न हलवणे असा करीत नाहीत. जे खरोखर चांगले आहे, जे देवाचे आहे, त्याचाच मनाला कंटाळा येणे, त्याविषयी उदास होणे, हा तो दोष. असा माणूस दिवसभर धावपळ करीत असू शकतो. किंबहुना तो बहुधा धावतच असतो.

याच संतांनी आपल्या महान ग्रंथात खेळ आणि थट्टामस्करी यांविषयी एक स्वतंत्र प्रश्न घेतला आहे. तेथे ते ॲरिस्टॉटलच्या एका सद्गुणाचा आधार घेतात. त्याचे ग्रीक नाव युट्रापेलिया. मराठीत त्याला ‘प्रसन्न सहवासाची कला’ म्हणता येईल. विनोदाचा अतिरेक करून विदूषक होणारा एका टोकाला, कोणाच्याही हसण्यात सामील न होणारा रुक्ष मनुष्य दुसऱ्या टोकाला आणि त्यांच्यामधला मार्ग हा सद्गुण. संत योहानाविषयीची एक जुनी कथा ते तेथे सांगतात. योहान आपल्या शिष्यांसमवेत विरंगुळ्यात रमलेले पाहून काही लोकांना ते रुचले नाही. त्यांपैकी एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडावयास सांगितले; पुन्हा सांगितले, पुन्हा सांगितले. मग विचारले, हे असे अखंड चालवता येईल काय? तो म्हणाला, नाही, धनुष्य मोडेल. तेव्हा योहान म्हणाले, माणसाच्या मनाचेही तसेच आहे.

पुढे जाऊन अक्वायनस आणखी एक गोष्ट म्हणतात, जी ऐकून माझ्यासारख्या गंभीर चेहऱ्याच्या धर्मगुरूने दचकावे. स्वतः आनंद न देणे आणि इतरांच्या निर्दोष आनंदात विरजण घालणे हाही दोष आहे, कारण असा माणूस इतरांना ओझे होतो. या वाक्यापाशी मी सेमिनरीत हसलो होतो. त्याचा अर्थ कळावयास मला पुष्कळ वर्षे लागली. ती हकीकत पुढे सांगतो.

आधी कॉफीच्या बाजूने थोडी वकिली करू द्या. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी साधक रात्रीच्या प्रार्थनेत जागे राहण्यासाठी कॉफी पीत, हे तिच्या इतिहासाचे पहिले ठळक पान. तेव्हापासून सत्ताधाऱ्यांना तिच्या नशेपेक्षा तिच्याभोवती जमणाऱ्या माणसांचीच धास्ती अधिक वाटली. १५११ साली मक्केच्या अधिकाऱ्याने तिच्यावर बंदी घातली. ती टिकली नाही. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने डिसेंबर १६७५ मध्ये कॉफीगृहे बंद करण्याचा हुकूम काढला आणि लोकांचा गिल्ला पाहून काही दिवसांतच तो मागे घेतला. आपल्याकडेही एक दंतकथा आहे. हे मुसलमानांचे पेय निषिद्ध ठरवावे, अशी विनंती काहींनी पोप आठवे क्लेमेंट यांना केली. त्यांनी आधी चव घेतली आणि मग म्हणे आशीर्वादच दिला. या कथेला इतिहासाचा भक्कम पुरावा नाही, पण निवाडा देण्यापूर्वी वस्तू चाखून पाहण्याची ही पद्धत न्यायाधीशांनी अनुसरावी अशी आहे. भारतात कॉफी आणल्याचे श्रेय परंपरा बाबा बुदान या सूफी संताला देते. त्याने येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे सांगतात.

विज्ञानावर तर या बाकड्याचे मोठे ऋण आहे. लंडनच्या कॉफीगृहांत एक पेनी देऊन कोणीही बसावे आणि विद्वानांची चर्चा ऐकावी, अशी रीत होती. जानेवारी १६८४ मध्ये रॉयल सोसायटीच्या बैठकीनंतर हॅली, हूक आणि रेन हे तिघे गप्पा मारीत बसले. कॉफीगृहातच, असे परंपरा सांगते. ग्रह ज्या कक्षेत फिरतात तिचे गणित काय, यावर वाद झाला. हूक म्हणाले, मला उत्तर ठाऊक आहे, पण आताच सांगणार नाही. रेन यांनी हसत पैज लावली, की दोन महिन्यांत सिद्ध करून दाखवणाऱ्यास चाळीस शिलिंगांचे पुस्तक भेट. उत्तर कोणाकडूनच आले नाही. तेव्हा त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये हॅली केंब्रिजला न्यूटनकडे गेले. त्या भेटीतून १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ जगापुढे आला आणि तो छापण्याचा खर्च हॅली यांनी स्वतः सोसला. एका चाळीस शिलिंगांच्या थट्टेतून गुरुत्वाकर्षणाचा ग्रंथ!

ही गोष्ट त्या तरुणाला सांगितली असती, तर तो कदाचित गप्प झाला असता. परंतु ते उत्तर प्रामाणिक ठरले नसते, असे मला आता वाटते. अशा लाखो बैठकींतून एखादीच ‘प्रिन्सिपिया’ निघते. पालीच्या बाकड्यावर आम्ही कोणताही शोध लावला नाही. माणसांबरोबर बसण्याचे समर्थन तिच्यातून पुढे काय निपजले यावरून करावयाचे ठरवले, तर आपण त्या तरुणाच्याच तराजूने मोजू लागतो. फक्त वसुलीच्या जागी ग्रंथ ठेवतो. मैत्री ही कशाची तरी गुंतवणूक ठरली, की ती मैत्री राहत नाही. उत्तर दुसरीकडे शोधावयास हवे. मला ते कोठे सापडले, ते आता सांगतो. ही माझ्या चुकीची गोष्ट आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी एका लहान धर्मग्रामात होतो. तेथे रविवारच्या सकाळच्या मिस्सानंतर ओसरीवर कॉफी देण्याची रीत होती. महिला मंडळ पातेले चढवी, माणसे अर्धा-पाऊण तास रेंगाळत. मी नवा होतो, उत्साही होतो. मला दिसले ते असे: धर्मशिक्षणाचे वर्ग उशिरा सुरू होतात, साखर-दुधाचा हिशेब लागत नाही आणि त्या ओसरीवर कोणाच्या सुनेचे, कोणाच्या जमिनीचे विषय चघळले जातात. मी कॉफी बंद केली. मंडळातील एका वयस्क बाईंनी हळूच विचारले, “फादर, थोडं थांबून पाहायचं का?” मी थांबलो नाही. वर्ग वेळेवर सुरू झाले, हिशेब जुळू लागले. मी समाधानी होतो.

त्या ओसरीवर एक वृद्ध विधुर येत असत. मुले परदेशी, घरी एकटे. बोलणे अगदी बेताचे. बाकाच्या टोकाला बसून पेला संपवीत आणि मग कोणी न सांगता सर्वांच्या कपबश्या विसळून ठेवीत. कॉफी बंद झाल्यावरही ते मिस्साला येत आणि संपताच निघून जात. पुढच्या पावसाळ्यात ते तीन रविवार आले नाहीत. माझ्या ध्यानात आले नाही. कोणाच्याच आले नाही. चौथ्या आठवड्यात त्यांच्या दूधवाल्याकडून कळले, की न्हाणीघरात घसरून त्यांचे खुब्याचे हाड मोडले आहे. त्यानेच त्यांना इस्पितळात पोहोचवले होते. ख्रिस्ती कुटुंबांनी भरलेल्या त्या गावातून इतक्या दिवसांत त्यांच्या खाटेशी कोणी गेले नव्हते.

मी धावत गेलो. ते तक्रारीचा एक शब्द बोलले नाहीत. मी निघताना त्यांनी एवढेच विचारले, “फादर, कॉफी पुन्हा सुरू झाली का?”

येत्या रविवारी सुरू होईल, असे मी सांगितले आणि ती सुरू केलीही. ते मात्र परत आले नाहीत. महिनाभरात आम्ही त्यांना कबरस्तानात पोहोचवले. त्या दिवशी कपबश्या मी विसळल्या.

तेव्हा मला अक्वायनस यांचे ते वाक्य आठवले. मंदिरात आपण सारे एका दिशेने, वेदीकडे पाहत असतो. तसेच असावयास हवे. परंतु म्हणूनच शेजारची जागा रिकामी आहे हे तेथे दिसत नाही. बाकड्यावर आपण एकमेकांकडे पाहत बसतो. कोण आला नाही, कोणाचा आवाज आज बसलेला आहे, कोणी साखर घेणे बंद केले आहे, हे तेथे कळते. त्या ‘निरुद्योगी’ अर्ध्या तासात एक काम अखंड चालू असते. कोणीही ते काम म्हणून करीत नाही आणि म्हणूनच ते घडते. नियमाने हजेरी घेणारा कारकून त्याची जागा घेऊ शकत नाही.

यंत्र तरी घेऊ शकेल काय? याविषयीही कॉफीचीच एक गमतीची कथा आहे. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचे एकच भांडे होते. वरखालच्या मजल्यांवरचे संशोधक जिने चढून येत आणि भांडे रिकामे पाहून परत जात. त्यांनी भांड्यासमोर एक कॅमेरा बसवला आणि त्याचे चित्र प्रत्येकाच्या संगणकावर दिसू लागले. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर गेले आणि जगभरची माणसे त्या कॉफीच्या भांड्याकडे टक लावून पाहू लागली. ऑगस्ट २००१ मध्ये तो कॅमेरा बंद झाला, तेव्हा ती वृत्तपत्रांची बातमी ठरली. मला या संशोधकांचे कौतुक वाटते आणि त्यांच्या जिन्यांविषयी सहानुभूतीही. आज आपल्या खिशातही तसाच कॅमेरा आहे. सातासमुद्रापलीकडच्या नातवाचा चेहरा तो दाखवतो, ही लहान देणगी नव्हे. परंतु केंब्रिजच्या त्या चित्रात एक गोष्ट दिसत नसे. भांडे भरलेले आहे की नाही हे कळे. त्याच्याजवळ कोणी एकटा उभा आहे काय, हे कळत नसे. आणि रिकामे भांडे पाहून परत फिरताना जिन्यात जे कोणी भेटत असतील, ते भेटणेही थांबले.

तर मग प्रत्येक बाकडे पवित्र समजावे काय? नाही. माझ्या तरुणपणीच्या निर्णयात चूक होती, तरी माझी शंका अगदीच खोटी नव्हती. बाकड्याला दोन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते.

पहिला: नंतर येणाऱ्यासाठी येथे जागा आहे काय? आपल्या महाराष्ट्रात पेल्याचा इतिहास फार बोलका आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांनी काही निमंत्रितांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवली. काहींनी घेतली, काहींनी नाही. मागाहून गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रात प्रसिद्ध करविली आणि केवढा गहजब उडाला! त्या नावांत न्यायमूर्ती रानडे होते आणि याच रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. एका पेल्यासाठी! १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. १९३३ साली रत्नागिरीत सावरकरांनी सर्व जातींच्या हिंदूंसाठी एक उपाहारगृह काढले, तेव्हा तेही नवल ठरले. लंडनची ती कॉफीगृहे ‘सर्वांना खुली’ म्हणवीत, पण तेथे चर्चेला बसणाऱ्यांत स्त्रिया नसत. आणि आपण ख्रिस्ती लोकांनी इतरांकडे बोट दाखवण्यापूर्वी आठवावे, की दक्षिणेतील काही चर्चमध्ये जातींनुसार वेगळ्या बैठका होत्या. आपल्या ओसरीवर आज कोण बसत नाही? भाड्याने राहावयास आलेले परप्रांतीय कुटुंब? बांधकामावर राबणारा झारखंडचा आदिवासी तरुण, जो मागच्या दारापाशी उभा राहून मिस्सा ऐकतो? आणि कपबश्या नेहमी एकाच घरच्या बायका विसळतात काय?

दुसरा प्रश्न: जो येथे नाही, त्याची अब्रू येथे सुरक्षित आहे काय? निंदा आणि चहाडी यांना अक्वायनस लहान दोष मानत नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली, ऐन कोरोनाच्या दिवसांत, कुचाळकी ही त्या साथीहूनही वाईट साथ आहे, असे सांगितले होते. विनोद आणि निंदा यांतला फरक ओळखण्याची एक घरगुती खूण मला सापडली आहे. ज्याच्याविषयी बोलणे चालू आहे तो जर अचानक येऊन बसला, तर विषय बदलावा लागतो काय? बदलावा लागत नसेल, तर खुशाल हसा. जायफळासारखेच हे. चिमूटभर थट्टेने कॉफीला चव येते. मूठभर घातली तर माणूस बरळतो, हे वहिनींचे शास्त्र येथेही लागू पडते. मात्र कोणी एकाने जायफळ जास्त घातले म्हणून मी पातेलेच ओतून दिले, ही माझी चूक झाली.

पालीला त्या दिवशी अखेर संध्याकाळी निरोप आला, की घाट रात्रीपर्यंत सुटणार नाही. गाडी रत्नागिरीला परत फिरणार होती. आम्ही पैसे द्यावयास उठलो, तर कळले की विद्यार्थिनीचे पैसे गुरुजींनी दिले आहेत, गुरुजींचे चालकाने आणि माझे कोणी दिले हे वहिनी सांगेनात. तो तरुण विक्रेता मात्र रत्नागिरीस परतणार नव्हता. त्याचे पुढचे गिऱ्हाईक लांज्याला होते. तिकडची गाडी येईपर्यंत तो थांबणार होता. मी खिडकीतून पाहिले. बाकडे रिकामे झाले होते आणि तो एकटाच टोकाला बसला होता. इतक्यात एक म्हातारा डोक्यावर इरले घेऊन पावसातून आत आला. तरुणाने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सरकून त्याला जागा दिली.

त्याने मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला दिले नव्हते. ते त्याला आधीपासून ठाऊक असावे.